गावरान अंडं 8 रुपयाला परवडतं का? वर्षभर वहीत लिहून बघितलं

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी चौकातला अंडाबुर्जीवाला दारात आला आणि नेहमीसारखं म्हणाला, वहिनी 30 द्या, आठनंच ना? आणि मी पण नेहमीसारखं हो म्हणणार होते पण तोंडातून शब्दच निघेना, कारण आदल्या रात्री वर्षभराच्या वहीची बेरीज करून बसले होते आणि त्या बेरजेनं मला झोप लागली नव्हती. म्हणलं, भाऊ आज नाहीत अंडी. होती खरं तर, परड्यातल्या टोपलीत 34 होती. खोटं बोलले. पण रेट काय सांगायचा तेच ठरलं नव्हतं तर काय करणार.

तर ही सगळी त्या वहीची गोष्ट. आमच्याकडं कोयनेच्या खोऱ्यात घरटी पाच-दहा कोंबड्या असतातच, त्यात काय विशेष नाही. माझ्याकडं 22 माद्या आणि 3 कोंबडे. 14 अस्सल गावरान, आत्यांच्या (म्हणजे सासूबाईंच्या) जुन्या पिलावळीतल्या, आणि 8 कावेरी जातीच्या, त्या मी तालुक्याहून पिल्लं आणून वाढवल्या. रेट लॉकडाऊनच्या आधीपासून आठ. का आठ? कुणाला माहीत नाही. शेजारच्या काकू आठनं देतात म्हणून मी आठनं, आणि काकूंना विचारलं तर म्हणाल्या तू देतेस म्हणून मी.

मागच्या पाडव्याला मुलीची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली आणि ठरवलं की वर्षभर रोज लिहायचं, किती अंडी सापडली, किती विकली, किती खाल्ली, खाद्य किती आणलं. आमचे हे हसले, म्हणाले कोंबड्यांचं काय ऑडिट करतेस. पण लिहिलं. आठ-दहा दिवस खंड पडला असेल, माहेरी लग्न होतं तेव्हा, बाकी सगळं आहे.

वर्षात अंडी सापडली 2087. आकडा बघून मलाच भारी वाटलं. पण त्यातली 95 गेली, म्हणजे फुटली, कावळ्यानं नेली, दोनदा धामण शिरली, आणि काही तर गवताच्या गंजीत कोंबडीनं लपवलेली महिन्यानं सापडली, ती फोडायचीच हिंमत झाली नाही. राहिली 1992. त्यातली 132 उबवायला बसवली, 410 घरात खाल्ली (पोरं आहेत, पाहुणे आहेत), आणि 1450 विकली.

आता खर्च. कोंबडी परड्यात फिरून किडे-मुंग्या खाते, तिला काय खर्च, असं सगळे म्हणतात. मी पण म्हणायचे. पण संध्याकाळी खुराड्यात कोंडायच्या आधी मका, कणी, थोडा बाजरीचा भरडा टाकावाच लागतो, नाहीतर अंडी निम्म्यावर येतात आणि कोंबड्या शेजाऱ्याच्या भुईमुगात जातात, मग भांडण. पंचवीस जीवांना रोज दीड किलो, एका कोंबडीला 60 ग्रॅम म्हणा. वर्षाचं झालं 545 किलो. मका घरचा होता पण तो मी फुकट धरला नाही, बाजारात विकला असता तर पैसे आलेच असते ना, म्हणून बाजारभावानं धरला. सरासरी किलोला 24 नं 13,100 रुपये. औषध, लस, जंताचं औषध मिळून 900. खुराड्याला जाळी, पत्रा, सुताराची मजुरी 9,000 लागलेली, ते पाच वर्षं टिकेल असं धरून वर्षाला 1,800. शिंपल्याचा चुरा, भाताचं तूस, बल्ब असलं किरकोळ 700. बेरीज 16,500.

भागिले 1992. आठ रुपये अठ्ठावीस पैसे.

आठला विकत होते मी. दर अंड्यामागं अठ्ठावीस पैसे पदरचे घालून. वर उकडून मीठ-मिरची लावून खा म्हणून सांगत होते.

आणि ह्यात माझं काम धरलेलंच नाही. सकाळी सोडायच्या, शेण-विष्ठा झाडायची, पाणी बदलायचं, संध्याकाळी मोजून कोंडायच्या, एखादी कमी भरली की बॅटरी घेऊन बांधावर "या या या" करत हिंडायचं. घड्याळ लावून बघितलं, रोज 40 मिनिटं तरी जातात. वर्षाचे 243 तास. आमच्याकडं बाईची हजेरी 300 रुपये, सहा तासांची, म्हणजे तासाला 50. त्या हिशोबानं 12,150 रुपये. अंड्यामागं सहा रुपये दहा पैसे. म्हणजे खरा खर्च 14 रुपये 38 पैसे, त्यात नफा शून्य.

आमचे ह्यांना दाखवलं तर म्हणाले, घरच्या कामाची कुठं हजेरी असते? म्हणलं बरं, मग उद्या तुम्ही झाडा खुराडं. विषय संपला.

आता गावातला दुकानदार माझ्या अंड्याची फार्मच्या अंड्याशी तुलना करतो, त्याचं म्हणणं पण ऐकायला पाहिजे, तो काही चुकीचा नाही. त्याच्याकडं फार्मच्या अंड्याचा रेट रोज मोबाईलवर येतो. एनईसीसी म्हणून पोल्ट्रीवाल्यांची संस्था आहे, ती ठिकठिकाणचा शेकड्याचा भाव जाहीर करते. 1982 साली वेंकटेश्वरा हॅचरीजच्या डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानं ती निघाली, त्याआधी भाव व्यापारी ठरवायचे आणि फार्मवाला मिळेल ते घ्यायचा. तेव्हा त्यांची घोषणाच होती, माझं अंडं, माझा दर, माझं जगणं. (आपल्याला त्यांचं फक्त संडे हो या मंडे पाठ असतं.) मला हे वाचून गंमत वाटली की लाख-लाख कोंबड्या असणाऱ्यांना पण एकत्र बसून आपला भाव आपण सांगायला शिकावं लागलं, आणि मी परड्यात बसून काकूंच्या तोंडाकडं बघतेय.

पण त्या भावाशी माझ्या अंड्याची तुलना करताच येत नाही. फार्मची लेअर, म्हणजे फक्त अंड्यासाठी पाळलेली कोंबडी, वर्षाला 300 च्या वर अंडी देते, रोज 110 ग्रॅमच्या आसपास खाते, म्हणजे अंड्याला साधारण सव्वाशे ग्रॅम खाद्य. माझं वर्षाचं खाद्य भागिले अंडी केलं तर अंड्यामागं 260 ग्रॅम निघतं, आणि ते सुद्धा कोंबड्या दिवसभर बाहेर चरून. कारण माझी गावरान कोंबडी 12-15 अंडी घालते आणि खुडूक होते, म्हणजे अंडी बंद करून उबवायला बसते. खुडूक झाली की तीन आठवडे हलत नाही, बसवली तर 21 दिवस अंड्यावर, मग दोन-अडीच महिने पिल्लांमागं. वर हिवाळ्याच्या तोंडाला पिसं झाडते तेव्हा बंद. वैशाखात ऊन लागलं की बंद. वर्षाला 60-65 अंडी दिली की डोक्यावरून पाणी. पण खाते मात्र 365 दिवस. रोजचा हिशोब केला की अंडं स्वस्त वाटतं कारण हिशोब करायची आठवण आपल्याला अंडी भरपूर असतात तेव्हाच येते, बंद असतात त्या दिवसांचं खाद्य कुणी मोजत नाही. म्हणून वर्षाचाच हिशोब करा, महिन्याचा करू नका, फसाल.

आत्यांचा हिशोब ह्याहून वेगळा. त्यांना लिहिता येत नाही पण मी वही वाचून दाखवली तर म्हणाल्या, "अगं अंडं इकायचंच कशाला? अंडं इकलं म्हंजी कोंबडी इकली."

म्हणलं बघू या ते पण. 132 अंडी बसवली होती, बारा-बाराच्या अकरा बैठका. त्यातून पिल्लं निघाली 104. त्यातली मोठी झाली 38. बाकीची कुठं गेली विचारू नका. घारीनं नेली, मुंगसानं एका रात्रीत नऊ मारली आणि खाल्लं एकच, श्रावणात गारठ्यानं गेली, आणि एकदा मानमोडी आली तेव्हा तर चार दिवसांत खुराडं रिकामं व्हायची वेळ आली होती. (मानमोडीवरच्या लासोटा लसीचा थेंब पहिल्याच आठवड्यात डोळ्यात घालायचा असतो, मला माहीत होतं, पण बाटली येते 100 डोसची आणि फोडली की तासा-दोन तासांत संपवायची, माझी पिल्लं अकरा. आता आम्ही आळीतल्या चार घरांनी ठरवलंय, सगळ्यांची पिल्लं एकाच सकाळी.) तर 38 चे सरासरी 400 नं 15,200 रुपये, जी विकली नाहीत, ठेवून घेतली, त्यांची पण किंमत धरली. पिल्लांचं खाद्य-औषध मी वेगळं लिहिलं होतं, ते 5,800. उरले 9,400. भागिले 132 अंडी. एका अंड्यामागं 71 रुपये!

आत्यांना सांगितलं तर त्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडं. त्या बघण्यात सगळं होतं.

मग सगळीच का नाही बसवत? एक तर बसायला कोंबडी पाहिजे, कावेरी सहसा खुडूक होत नाही, आणि गावरान होते तेव्हा तिच्या मर्जीनं होते. दुसरं, उन्हाळ्यात चार दिवस अंडं ठेवलं की बसवायच्या कामाचं राहत नाही, पावसाळ्यात पिल्लं जगत नाहीत. आणि तिसरं म्हणजे ते 71 रुपये यायला सहा-सात महिने लागतात, मधे मुंगूस आहे, घार आहे, मानमोडी आहे. शाळेच्या सहलीचे पैसे सोमवारी भरायचे असतात. अंडं सोमवारी विकलं जातं. म्हणून अंडं विकतो. तरी पण ह्या 71 चा एक उपयोग झाला, कुणी रेटवरून किरकिर केली की मी मनात म्हणते, बाबा तू घेऊ नकोस, मी बसवीन.

तर मी रेट 15 केला. बुर्जीवाला दुसऱ्यांदा आला तेव्हा सांगितला, तो म्हणाला वहिनी गावरान आहे का सोनं, आणि निघून गेला. दोन आठवडे आला नाही. त्या दोन आठवड्यांत टोपलीत 60 अंडी साठली आणि मला रात्री परत झोप नाही. काकूंनी सुद्धा वाढवला नव्हता, सगळे तिकडं जात होते. तेव्हा वाटलं गप आठला द्यावीत.

मग झालं असं की काकूंची अंडी संपली. त्यांच्या आठच कोंबड्या, किती पुरणार. काकू माझ्याकडं आल्या, तुझी दे म्हणाल्या, मी वही घेऊन बसले त्यांच्याजवळ. काकूंनी अर्धा तास ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच विचारलं, "आन आपली हजेरी धरायची व्हय?" दुसऱ्या दिवसापासून काकूंचा रेट 12. पंधरा म्हणायला त्यांची जीभ वळत नाही म्हणे. चालेल. बुर्जीवाला परत आला, 30 च्या जागी 20 नेतो, आणि बुर्जी फार्मच्या अंड्याची करून माझी अंडी उकडून वेगळी विकतो, 25 ला एक. त्याचा पण हिशोब बसला.

पुण्याचं वेगळंच आहे. नणंद तिथं राहते, तिच्या सोसायटीत 20 नं जातात हातोहात. ऐकायला लई गोड. पण 100 अंडी तुसात भरून एसटीनं पाठवायची, चार-पाच फुटणार, नणंदेनं स्वारगेटला जाऊन उतरवून घ्यायची, घरोघर द्यायची, पैसे मागायचे. तिचे दोन रुपये अंड्याला धरले, भाडं धरलं, फूट धरली की माझ्या हातात 15-16 च पडतात. गावात दारात 15 मिळत असतील तर पुण्याला कशाला धावायचं. आणि तिथली तक्रार म्हणजे, ताई अंडी लहान आहेत हो. आहेतच लहान! काट्यावर ठेवलं तर माझं 42 ग्रॅम भरतं आणि दुकानातलं 55. मी स्पष्ट सांगते, वजनावर घेत असाल तर दुकानातलं घ्या, तेच स्वस्त पडेल.

इथं एक सांगायलाच पाहिजे. जास्त रेट लावायचा म्हणून गावरान अंड्याबद्दल काहीही सांगत सुटतात लोक, गुडघेदुखी जाते, नजर वाढते. मी नाही सांगत. प्रोटीन ह्यात पण आहे आणि त्यात पण आहे. बलक गर्द केशरी दिसतो तो मका आणि हिरवा पाला खाल्ल्यामुळं. कवचाचा रंग तर जातीवर असतो, त्याचा चवीशी संबंध नाही, फार्मवर पण तपकिरी अंडी देणाऱ्या कोंबड्या असतात आणि हायवेला ती "गावरान" पाटी लावून ढिगानं विकतात, सगळी एका मापाची, एका रंगाची. घरच्या टोपलीतली 30 अंडी कधी एकसारखी नसतात, कुठलं पांढरट, कुठलं गुलाबीसर, एखादं लांबोडकं. कडकनाथचं अंडं काळं असतं असं सांगून सुद्धा लोक फसवतात, कडकनाथचं मांस काळं, अंडं नाही. मी पैसे घेते ते ताजेपणाचे आणि कोंबडी मोकळी फिरते त्याचे, आणि माझ्या कामाचे. अंडी धुवून देत नाही, कोरड्या फडक्यानं पुसते, धुतलं की वरचा नैसर्गिक थर जातो आणि लवकर नासतं. ट्रेवर पेन्सिलीनं तारीख लिहिते. पाण्यात टाकून बघा म्हणते, आडवं बुडालं तर ताजं, तरंगलं तर परत आणा, पैसे देते. वर्षात तीन परत आली.

सगळ्यांना 15 नाही हे पण कबूल करते. आळीत बाळंतीण असली तर तिच्या घरी आठवड्याला सहा अंडी जातात, पैसे विचारत नाही, हे आत्यांनी घातलेलं आहे आणि मी मोडणार नाही. तालमीतली पोरं नेमानं नेतात, त्यांना 13, कारण श्रावण सोडला तर वर्षभर नेतात आणि महिन्याचे पैसे एकदम देतात. आणि एक गिऱ्हाईक असं आहे की रेट विचारतच नाही, ते म्हणजे अवसेला उताऱ्यासाठी अंडं न्यायला येणारं. गावरानच पाहिजे, एकच पाहिजे, आणि 20 ची नोट देऊन सुट्टे न घेता मागं न बघता जातात. देवाच्या नारळाला घासाघीस करतील पण इथं नाही.

पैशाचं एक राहिलं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अंड्याचे पैसे आमच्याकडं बाईचे. कायद्यात नसेल पण रीत आहे. आत्यांचा हरभऱ्याच्या डाळीत लपवलेला डबा होता, त्यातून नणंदेच्या शाळेची फी गेली, एसटीचं भाडं गेलं, आत्यांची जोडवी आली. मामांनी (म्हणजे सासऱ्यांनी) कधी त्या डब्याला हात लावला नाही, चार आण्याला अंडं होतं तेव्हा हात लावण्यासारखं त्यात होतं तरी काय. मी रेट वाढवला आणि महिन्याला 1,800-2,000 यायला लागले तेव्हा आमचे हे म्हणाले, स्कॅनर लावू माझ्या नंबरचा, सुट्ट्यांची कटकट नको. चांगल्या मनानंच म्हणाले. एक महिना तसं केलं आणि महिन्याच्या शेवटी बघते तर माझ्याकडं रोख 240 रुपये, बाकी सगळे त्यांच्या खात्यात, आणि तिथून गाडीत पेट्रोल होऊन गेलेले. भांडले नाही. बँकेत जाऊन माझं बंद पडलेलं खातं चालू केलं, मोबाईल नंबर जोडला, चार हेलपाटे घातले त्याला, आणि माझ्या नावाचा स्कॅनर खुराड्याच्या दारालाच चिकटवला. पंधराची नोट नसते ना, सगळे स्कॅनच करतात. आवाजाचा डबा काय घेतला नाही, महिन्याचं भाडं कोण भरणार.

आता आषाढ लागलाय. गटारीला कोंबडे पाहिजेत म्हणून आत्तापासून फोन, कोंबड्याचा रेट 600 सांगितलाय, द्यायचा नाही असा एक सोडून दोन आहेत. अंडी कमी झालीत, काल 9, आज 7. श्रावणात घेणारं पण कमी असतं म्हणून मी काळजी केली नाही. पण आज दुपारी कणगीतनं तांदूळ काढायला गेले तर कोपऱ्यात डालगं पालथं घातलेलं, त्याच्याखाली चांदी कोंबडी खुडूक बसलेली, पोटाखाली मोजली तर 13 अंडी, शेजारी लोखंडाचा खिळा आणि कोळशाचा तुकडा, वीज कडाडली तर अंडी बिघडू नयेत म्हणून. वहीत कुठंच नाहीत ती 13. आत्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मला कुटं लिवता येतंय."